शेतमजुरांच्या कामाच्या अटी आणि देशादेशांमधले करार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेतमजुरीवर लिहायला लागल्यापासून तेच प्रश्न फिरून फिरून येतात, कधी संघटनेत काम करणाऱ्यांकडून, कधी कॉलेजच्या मुलामुलींकडून, आणि बऱ्याचदा ज्यांच्या घरातलं कोणीतरी हंगामाला दुसऱ्या देशात तोडणीला किंवा वेचणीला गेलंय अशांकडून. प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा सगळं इथे एका जागी ठेवतेय. सोपे प्रश्न आधी, किचकट नंतर, आणि जो मुद्दा दोनदा लागतो तो एकदाच लिहून दुसरीकडे फक्त त्या प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. शेतावरचं काम गावातल्या गावात असतं, मग त्याला आंतरराष्ट्रीय करार कशाला हवेत?

कारण माल गावात राहत नाही आणि आता मजूरही राहत नाही. केळी, कोको, चहा, कापूस, टोमॅटो हे सगळं सीमा ओलांडून विकलं जातं, आणि एका देशाने मजुरी वाढवली की व्यापारी शेजारच्या देशात जाईल ही भीती प्रत्येक सरकारला दाखवली जाते. मग कोणीच वाढवत नाही. १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटना म्हणजे आयएलओ निघाली तेव्हा तिच्या घटनेच्या प्रस्तावनेतच हे लिहिलं गेलं, की एका देशाने माणसाला साजेशा अटी ठेवल्या नाहीत तर ठेवू बघणाऱ्या बाकीच्या देशांची वाट अडते. म्हणून सगळ्यांनी मिळून एक पायरी ठरवायची, तिच्या खाली कोणी उतरायचं नाही. आणि माणसं थोडीथोडकी नाहीयेत, जगात काम करणाऱ्या दर चार जणांतला साधारण एक जण शेतीत आहे, आणि हे काम खाणी आणि बांधकामाच्या बरोबरीने सगळ्यात धोक्याच्या कामांत धरलं जातं.

२. आयएलओमध्ये फक्त सरकारंच बसतात का? मजुरांचं तिथे कोण असतं?

तिन्ही बाजू असतात: सरकार, मालक आणि कामगार. दरवर्षी जूनमध्ये जिनिव्हात परिषद भरते, तिथे प्रत्येक देशाचे चार प्रतिनिधी मत देतात, दोन सरकारचे, एक मालकांचा, एक कामगारांचा. १८७ देश सदस्य आहेत. अडचण अशी की कामगारांचा प्रतिनिधी देशातल्या मोठ्या संघटनेतून जातो, आणि मोठ्या संघटना बहुतेक कारखान्यातल्या, ऑफिसातल्या. हंगाम संपला की पांगणारे लोक संघटनेत कमी, म्हणून त्या टेबलावर त्यांचा आवाज बारीक. अन्न आणि शेती कामगारांचा जागतिक महासंघ, आययूएफ, १९२० पासून आहे आणि शेतमजुरांसाठी जे काही पुढे सरकलं त्यातल्या बऱ्याच गोष्टींत त्यांचा हात आहे, पण ती एक संघटना आणि समोर अख्खं जग.

३. शेतीला हे नियम लागू होतात हे पहिल्यापासून मान्य होतं का?

अजिबात नाही, आणि ही गोष्ट मला सगळ्यांना सांगावीशी वाटते. १९२१ च्या परिषदेत शेती विषय आला तेव्हा फ्रान्सने हरकत घेतली की आयएलओला फक्त उद्योगधंद्यांचे नियम करायचा अधिकार आहे, शेती हा काही उद्योग नाही. प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं आणि १९२२ च्या ऑगस्टमध्ये न्यायालयाने मत दिलं की शेतीत मोलाने राबणारे लोकही या संघटनेच्या कक्षेत येतात. म्हणजे शेतमजूर हा कामगार आहे एवढं म्हणण्यासाठी सुद्धा जागतिक न्यायालयात जावं लागलं. 'शेतीचं वेगळं असतं' हे वाक्य तेव्हापासून आजपर्यंत प्रत्येक सवलतीच्या मागे उभं आहे, खाली ते परत परत भेटेल.

४. मग शेतमजुरांसाठी नेमके कोणते करार आहेत?

१९२१ मध्येच तीन झाले: नंबर १० मुलांच्या वयाबद्दल, ११ संघटना करायच्या हक्काबद्दल, १२ अपघाताच्या भरपाईबद्दल. यातला ११ नंबरचा शंभराहून जास्त देशांनी मंजूर केलाय. पुढे ९९ नंबर, १९५१, शेतीतली किमान मजुरी ठरवायची यंत्रणा. ११०, १९५८, मळे म्हणजे प्लँटेशनसाठी, यात भरतीपासून घरापर्यंत जवळजवळ सगळंच आलं. १२९, १९६९, शेतीतली कामगार तपासणी. १४१, १९७५, ग्रामीण कामगारांच्या संघटना, आणि यात स्वतःच कसणारे छोटे शेतकरी, कुळं, वाटेकरी पण धरलेत. शेवटचा आणि माझ्या मते सगळ्यात कामाचा १८४, २००१, शेतीतली सुरक्षा आणि आरोग्य, २००३ पासून अमलात.

याशिवाय सगळ्याच कामगारांसाठीचे मूलभूत करार शेतमजुरांनाही लागतात: वेठबिगारी, बालमजुरी, संघटना, भेदभाव, आणि २०२२ पासून सुरक्षित काम सुद्धा मूलभूत हक्कांच्या यादीत आलं. २०२५ मध्ये जैविक धोक्यांवर १९२ नंबरचा नवा करार झाला, जनावरांत आणि मातीत काम करणाऱ्यांसाठी तो महत्त्वाचा ठरू शकतो, पण तो अजून कोवळा आहे.

आयएलओच्या बाहेरचं बघायचं तर २०१८ च्या डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांनी शेतकरी आणि ग्रामीण भागात काम करणाऱ्यांच्या हक्कांचा जाहीरनामा पास केला, १२१ देश बाजूने, ८ विरोधात, ५४ तटस्थ. त्यात हंगामी आणि स्थलांतरित मजूर नाव घेऊन आहेत. पण जाहीरनामा म्हणजे करार नव्हे, तो कोणाला बांधत नाही.

५. आमच्या देशाने करार मंजूर केलाय, म्हणजे आता तो आम्हाला लागू झाला ना?

कागदावर हो. करार मंजूर करणं म्हणजे सरकारने जगाला शब्द दिला की आमचा कायदा याच्याशी जुळवून घेऊ आणि वेळोवेळी अहवाल देऊ. काही देशांत मंजुरीनंतर करार थेट कोर्टात वापरता येतो, बऱ्याच देशांत आधी संसदेला कायदा करावा लागतो आणि तो होईपर्यंत मजुराच्या हातात काहीच पडत नाही. म्हणून पहिला प्रश्न 'मंजूर केलाय का', दुसरा 'कायदा आहे का', आणि तिसरा, जो कोणी विचारत नाही, 'शेतावर जाऊन बघणारा माणूस आहे का'.

आणि मंजुरीचंच बघा, १२९ नंबरचा तपासणीचा करार पन्नासहून थोड्या जास्त देशांनी घेतलाय आणि १८४ नंबरचा इतकी वर्षं होऊन जेमतेम वीस-पंचवीस देशांनी. मुलांच्या सगळ्यात वाईट मजुरीविरुद्धचा १८२ नंबर मात्र २०२० मध्ये सगळ्याच्या सगळ्या १८७ देशांनी मंजूर करून झाला. म्हणजे मनात असलं तर होतं.

६. करारांच्या भाषेत शेतमजूर कोण? वाटेकरी, सालगडी, घरच्याच शेतात राबणारी सून, पॅकिंग शेडमधल्या बायका, यांचं काय?

प्रत्येक करार आपली कुंपणं वेगळी घालतो, त्यामुळे एका ओळीत उत्तर नाही. सालगडी म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, तो सरळ सरळ मजूर आहे, त्यात वाद नाही. वाटेकऱ्याचं देशावर सोडलंय: १२९ नंबरमध्ये सरकारला वाटलं तर कुळं, वाटेकरी, सहकारी शेतीचे सभासद, मालकाच्या घरची माणसं यांनाही तपासणीखाली आणता येतं, सक्ती नाही. १८४ नंबर पिकं, जनावरं, शेताच्या जवळची प्राथमिक प्रक्रिया, यंत्रं, साठवण हे सगळं धरतो, पण फक्त पोटापुरती शेती, शेतमालावर चालणारे कारखाने आणि जंगलांचा औद्योगिक वापर बाहेर ठेवतो.

त्यामुळे शेतावरच्या शेडमध्ये मालकाच्या वतीने माल निवडणारी बाई बहुतेक शेतमजूर ठरते, आणि तोच माल पुढे कॅनिंगच्या फॅक्टरीत गेला की तिथली बाई कारखान्याची कामगार, तिला कारखान्याचे नियम, जे बहुधा जास्त चांगले असतात. सीमारेषा नेमकी कुठे हे प्रत्येक देशाचा कायदा ठरवतो आणि मालक लोक आपल्याला सोयीची बाजू धरून ठेवतात, म्हणून नोकरीच्या कागदावर कामाचं नाव काय लिहिलंय ते आधी बघा.

७. आठ तासांचा दिवस शेतमजुराला लागू होतो का?

आयएलओचा अगदी पहिला करार, नंबर १, १९१९, आठ तासांचाच आहे, आणि तो फक्त उद्योगांसाठी आहे. शेती त्यात नव्हती आणि नंतरही शेतीसाठी तसा सरसकट करार झालाच नाही. १८४ नंबरमध्ये तासांवर एक कलम आहे, त्यात म्हटलंय की कामाचे तास, रात्रपाळी आणि विश्रांती देशाच्या कायद्याप्रमाणे किंवा सामूहिक करारांप्रमाणे असावी. बस. म्हणजे सगळं देशावर ढकललं. मळ्यांवरच्या लोकांसाठी ११० नंबरमध्ये आठवड्याच्या सुट्टीची तरतूद आहे तेवढी जरा बरी.

कारण दिलं जातं की पीक थांबत नाही, पाऊस विचारून येत नाही. खरंय ते, पण सुगीच्या तीन आठवड्यांसाठी जास्त तासांची सूट देणं वेगळं आणि वर्षभर मर्यादाच नसणं वेगळं, आणि दवाखानेही थांबत नाहीत तरी तिथे पाळ्या लावता येतातच की.

८. जगभर शेतमजुरांची एकच किमान मजुरी का ठरवत नाहीत?

आकडा एकच ठेवता येत नाही, एका देशात ज्यात महिना निघतो त्यात दुसऱ्या देशात आठवडा निघत नाही. म्हणून ९९ नंबर आकडा देत नाही, पद्धत सांगतो: यंत्रणा हवी, ठरवताना मालक आणि मजूर दोघांना बोलवा, ठरलेल्या आकड्याच्या खाली करार करता येणार नाही, आणि मजुरीचा काही भाग धान्याच्या किंवा इतर वस्तूंच्या रूपात दिला तर त्याची किंमत रास्त धरा.

खरा घोळ उक्त्या कामात होतो, म्हणजे नगावर, किलोवर किंवा बादलीवर पैसे. तिथे दिवसाची किमान मजुरी भरली की नाही हे कळायला तासांची नोंद लागते आणि नोंद तर मुकादमाच्या वहीत. फ्लोरिडाच्या टोमॅटोच्या शेतांवर बादली काठोकाठ भरून वर शीग लावायला सांगायचे, पैसे मात्र एका बादलीचेच. इमोकली गावातल्या मजुरांच्या संघटनेने पुढे जो कार्यक्रम आणला त्यात ही शीगच बंद केली (त्याबद्दल प्रश्न १७ मध्ये). एवढीशी गोष्ट, पण दिवसभराच्या बादल्यांचा हिशेब केला तर ती रोजची मोठी चोरी होती.

९. मुकादमाने उचल दिलीय आणि ती फिटेपर्यंत सोडत नाही म्हणतो. हे चालतं का?

उचल घेणं गुन्हा नाही. पण तिच्या जोरावर माणसाला अडकवून ठेवणं ही वेठबिगारी, २९ नंबरच्या, १९३० च्या करारानुसार. त्यातली व्याख्या साधी आहे: काहीतरी शिक्षेच्या धाकाखाली करून घेतलेलं आणि माणसाने आपणहून न स्वीकारलेलं काम. धाक म्हणजे मारहाणच पाहिजे असं नाही, पासपोर्ट काढून घेणं, मजुरी अडकवणं, पोलिसांत देईन म्हणणं हे पण धरतात. सुरुवातीला तुम्ही खुशीने आला होतात म्हणून नंतर डांबून ठेवायचा हक्क कोणाला मिळत नाही.

शिवाय मजुरीच्या संरक्षणाचा ९५ नंबर, १९४९, स्पष्ट म्हणतो की काम मिळवून दिल्याबद्दल किंवा टिकवल्याबद्दल मालक, मुकादम, एजंट कोणालाही मजुरीतून कपात करता येणार नाही. आणि १९९७ चा १८१ नंबर खासगी भरती एजन्सींना मजुराकडून फी घ्यायलाच मनाई करतो, ठराविक अपवाद सोडून. आयएलओच्या अंदाजात २०२१ मध्ये जगात २ कोटी ७६ लाख लोक वेठबिगारीत होते, शेती हे त्यातल्या मोठ्या क्षेत्रांपैकी एक.

मुकादमाला लायसन्स लावणं हा एक उपाय आहे. ब्रिटनमध्ये २००४ च्या फेब्रुवारीत मोरकम खाडीत भरतीच्या पाण्यात शिंपले गोळा करणारे किमान २१ चिनी मजूर बुडाले, आणि त्याच वर्षी मुकादमांच्या परवान्याचा कायदा आला. बुडेपर्यंत थांबायला नको होतं. इटलीने २०१६ मध्ये आपला मुकादमीविरुद्धचा फौजदारी कायदा कडक केला आणि त्यात मुकादमाबरोबर त्याच्याकडून माणसं घेणारा मालकही जबाबदार धरला, हे मला जास्त पटतं.

१०. फवारणीच्या औषधांबद्दल देशादेशांत काही ठरलंय का?

ठरलंय, दोन बाजूंनी. औषधाच्या बाजूने १९९८ चा रॉटरडॅम करार: यादीतलं घातक रसायन दुसऱ्या देशात पाठवायचं तर त्या देशाला आधी पूर्ण माहिती देऊन त्याची संमती घ्यायची. २००१ चा स्टॉकहोम करार त्याहून पुढे जातो, वर्षानुवर्षं मातीत आणि अंगात टिकणारी रसायनं बंदच करायची, एंडोसल्फान हे कीटकनाशक त्यात २०११ मध्ये आलं. मजुराच्या बाजूने १८४ नंबर: औषधाची माहिती देशाच्या अधिकृत भाषेत आणि सुरक्षिततेच्या सूचना मजुराला समजतील अशा हव्यात, रिकाम्या डब्यांची नीट विल्हेवाट हवी, संरक्षणाची साधनं मालकाने द्यायची, आणि जिवाला तातडीचा धोका दिसला तर मजूर तिथून बाजूला होऊ शकतो, त्याबद्दल त्याचं नुकसान करता येणार नाही. हा शेवटचा हक्क पाठ करून ठेवा.

रॉटरडॅमच्या यादीत नाव घालायला एकमत लागतं, एका देशाने हात वर केला तरी अडतं. पॅराक्वाट हे तणनाशक घ्या, विषबाधेवर उतारा नाही, युरोपियन युनियनमध्ये २००७ पासून बंद, आणि रॉटरडॅमच्या बैठकांत ते यादीत घालायचा प्रस्ताव वर्षानुवर्षं अडवला गेला. तोवर ते युरोपातल्या कारखान्यात बनून बाहेर विकलंही जात होतं. जे आपल्या मजुराला नको ते दुसऱ्याच्या मजुराला चालतं, याला सहकार्य म्हणवत नाही मला.

११. उन्हाचं काय? उन्हासाठी करार आहे का?

फक्त उन्हासाठी असा वेगळा करार नाही. सुरक्षिततेच्या १५५ आणि १८४ नंबरखाली ते येतं, म्हणजे धोका ओळखा आणि आवरा ही मालकाची जबाबदारी, पण किती तापमानाला काम थांबवायचं हा आकडा कुठल्याच करारात नाहीये. आयएलओने २०१९ मध्ये हिशेब मांडला होता की २०३० पर्यंत उष्णतेमुळे जगातले जे कामाचे तास बुडतील त्यातले ६० टक्के शेतीतले असतील.

मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा आणि एल साल्वाडोरच्या ऊसतोड मजुरांचं उदाहरण मला विसरता येत नाही. धडधाकट तरुण पोरं, ना मधुमेह ना रक्तदाब, आणि किडन्या निकामी. डॉक्टरांना सुरुवातीला कळेना, पुढे अभ्यास होत गेले तसं भर उन्हात, पाणी न पिता, वजनावर पैसे म्हणून न थांबता केलेली तोडणी हे मोठं कारण म्हणून पुढे आलं. उपाय म्हणून जे लागू केलं गेलं ते तीन शब्दांत बसतं: पाणी, विश्रांती, सावली. कॅलिफोर्नियाने २००५ मध्येच उघड्यावर काम करणाऱ्यांसाठी याचा नियम केला. उक्त्या कामात मात्र विश्रांतीचे पैसे वेगळे मिळाल्याशिवाय कोणी सावलीत बसत नाही, नियम असून बसत नाही, म्हणून ८ आणि ११ हे प्रश्न एकत्रच वाचा.

१२. शाळा सुटल्यावर पोरं आईबापाला शेतात मदत करतात, ती बालमजुरी का?

सरसकट नाही. वयाला शोभणारं, शाळा न बुडवणारं, इजा न करणारं घरचं काम ही बालमजुरी धरत नाहीत. १३८ नंबर, १९७३, कामाचं किमान वय १५ सांगतो, कमी साधनांच्या देशांना १४ ची मुभा, हलक्या कामाला १३ किंवा १२. धोक्याचं काम, म्हणजे फवारणी, ट्रॅक्टर, धारदार हत्यारं, जड ओझी, तिथे १८. १८४ नंबरमध्ये १६ पासून सूट मिळू शकते, पण आधी नीट प्रशिक्षण आणि पूर्ण संरक्षण असेल तरच.

आता फट बघा. १३८ नंबरमध्ये काही देशांना व्याप्ती कमी ठेवता येते, तरी व्यापारी मळे आणि शेतं बाहेर काढता येत नाहीत. पण स्थानिक खपासाठी पिकवणारी, मजूर नियमित न लावणारी छोटी कौटुंबिक शेती बाहेर ठेवता येते. आणि बहुतेक मुलं असतात तिथेच, आईबापाच्या शेतात, पगाराशिवाय. आयएलओ आणि युनिसेफच्या २०२५ च्या आकड्यांत १३ कोटी ८० लाख मुलं बालमजुरीत, त्यातली ६१ टक्के शेतीत. २०२० मध्ये एकूण १६ कोटी होती, म्हणजे कमी झालीयत, पण २०२५ पर्यंत शून्य करू असं जगाने कबूल केलं होतं. मजुरी उक्ती असली की मोठ्यांची पोती भरायला मुलं हाताशी येतातच, त्यामुळे मोठ्या माणसाला पुरेशी मजुरी मिळणं हाच मला यावरचा पहिला उपाय वाटतो.

१३. बायकांसाठी वेगळं काय आहे?

समान कामाला समान मजुरी, १०० नंबर, १९५१, शेतीला पण लागू. १९१९ च्या पहिल्या बाळंतपणाच्या करारात शेतीतल्या बायका नव्हत्याच, १९५२ मध्ये आल्या. १८४ नंबर गरोदरपण, अंगावर पाजणं आणि प्रजनन आरोग्य यांची काळजी घ्यायला सांगतो. २०१९ चा १९० नंबर हिंसा आणि छळाबद्दल, आणि तो कामाच्या जागेबरोबर येण्याजाण्याचा रस्ता आणि मालकाने दिलेली राहण्याची जागाही धरतो, शेतावर हेच सगळ्यात लागतं.

१४. हंगामी व्हिसावर परदेशी शेतावर जायचंय. दोन देशांतला करार मजुराला वाचवतो का?

करारात काय लिहिलंय आणि मालक बदलता येतो का, या दोन गोष्टींवर आहे. जुनं उदाहरण अमेरिका आणि मेक्सिकोचं, १९४२ ते १९६४, ब्रासेरो म्हणायचे त्याला, लाखो मजूर गेले. करारात मजुरी, घर, जेवण सगळं लिहिलेलं. सुरुवातीच्या वर्षांत मजुरीतले १० टक्के बचत म्हणून कापून मेक्सिकोत परत देणार होते आणि कित्येकांना ते कधी मिळालेच नाहीत, म्हातारपणी ती माणसं त्या पैशासाठी मोर्चे काढत होती.

कॅनडाचा हंगामी शेतमजुरांचा कार्यक्रम १९६६ मध्ये जमैकाबरोबर सुरू झाला, १९७४ मध्ये मेक्सिको आला, वर्षात जास्तीत जास्त आठ महिने. दोन्ही सरकारं बसून करारनामा ठरवतात ही चांगली बाजू. पण परमिट एकाच मालकाशी बांधलेलं, त्यामुळे तक्रार केली की पुढच्या वर्षी नाव नाही. संयुक्त राष्ट्रांचे गुलामगिरीविषयक विशेष प्रतिनिधी टोमोया ओबोकाता २०२३ मध्ये तिथे जाऊन आले आणि कॅनडाचा तात्पुरत्या परदेशी कामगारांचा कार्यक्रम आधुनिक गुलामगिरीला खतपाणी घालणारा आहे अशा अर्थाचं त्यांनी स्पष्ट सांगितलं. युरोपियन युनियनच्या २०१४ च्या निर्देशात बरंच नीट मांडलंय: वर्षात पाच ते नऊ महिने, स्थानिक मजुराइतक्याच अटी, घरभाडं वाजवी आणि मजुरीतून आपोआप कापायचं नाही, मालक बदलता येतो.

जायच्या आधी करारनामा आपल्या भाषेत मागा, त्याची फोटोकॉपी घरी ठेवा, आणि एजंटला पैसे देण्याआधी प्रश्न ९ वाचा.

१५. कागद संपलेत, व्हिसा नाहीये. मग मजुरी मागायचा हक्क गेला का?

नाही गेला. १४३ नंबर, १९७५, म्हणतो की केलेल्या कामाच्या मजुरीबाबत आणि त्यातून आलेल्या इतर हक्कांबाबत कागद नसलेल्यालाही समान वागणूक द्यायची. संयुक्त राष्ट्रांच्या १९९० च्या स्थलांतरित कामगारांच्या करारातही तेच आहे, आणि पासपोर्ट कोणा खासगी माणसाने काढून घेणं किंवा नष्ट करणं बेकायदा आहे असंही आहे. दुखणं एवढंच की हा १९९० चा करार प्रामुख्याने ज्या देशांतून लोक जातात त्यांनीच मंजूर केलाय, जिथे जातात त्या श्रीमंत देशांनी नाही. तरी बऱ्याच देशांच्या स्वतःच्या कायद्यात केलेल्या कामाचे पैसे मागता येतात, भीती असते ती तक्रार केल्यावर हद्दपार व्हायची, म्हणून एकट्याने थेट ऑफिसात जाऊ नका, आधी तिथल्या संघटनेला किंवा कामगारांच्या मदत केंद्राला गाठा.

१६. मी एकटा मजूर आयएलओकडे तक्रार करू शकतो का?

थेट नाही. देशाने मंजूर केलेला करार मोडला तर कामगारांची किंवा मालकांची संघटना आयएलओच्या घटनेच्या २४ व्या कलमाखाली अर्ज करू शकते. संघटना करू देत नाहीत असा विषय असेल तर १९५१ पासून वेगळी समिती आहे आणि तिथे देशाने करार मंजूर केलेला नसला तरी तक्रार चालते, हे लोकांना माहीतच नसतं. पण तीही संघटनेमार्फतच.

कंपनीविरुद्ध असेल तर ओईसीडी, म्हणजे मुख्यतः श्रीमंत देशांची आर्थिक संघटना, तिच्या मार्गदर्शक तत्त्वांखाली प्रत्येक सहभागी देशात एक संपर्क केंद्र असतं, तिथे संघटना, संस्था किंवा माणूसही जाऊ शकतो. ते दंड करत नाही, दोघांना बसवून बोलायला लावतं. वेळ लागतो, आणि हंगाम तीन महिन्यांचा असताना वर्षभर चालणारी तक्रार म्हणजे काय ते मजुरालाच माहीत. म्हणून आधी देशातलं कामगार न्यायालय, तपासणी कार्यालय, संघटना, आणि त्यांच्या जोडीला हे.

१७. बहिष्कार आणि सर्टिफिकेटांनी काही होतं का, की नुसतं पॅकेटवर चित्र?

दोन्ही बघितलंय. झालं ते आधी सांगते. उझबेकिस्तानात कापूस वेचायला सरकारच दरवर्षी शिक्षक, नर्सा, विद्यार्थी, आणि आधी तर शाळेतली मुलं पण शेतात पाठवायचं. तिथल्या कार्यकर्त्यांनी स्वतः धोका पत्करून नोंदी केल्या, बाहेरच्या संघटनांनी त्या जगापुढे नेल्या, तीनशेहून जास्त ब्रँडनी तो कापूस घेणार नाही म्हणून सही केली, जागतिक बँकेच्या कर्जाबरोबर देखरेखीची अट आली आणि २०१५ पासून आयएलओ वेचणीवर लक्ष ठेवू लागली. आधी मुलं सुटली, मग मजुरी वाढली, आणि २०२१ च्या हंगामात सरकारने लादलेली पद्धतशीर वेठ संपल्याचं आयएलओने सांगितलं. २०२२ च्या मार्चमध्ये बहिष्कार उठला. आतले लोक, बाहेरचे खरेदीदार, कर्ज देणारा, तपासणारा, सगळे एकाच दिशेने ओढत होते म्हणून झालं.

दुसरं इमोकलीचं. तिथल्या मजुरांनी १९९३ पासून संघटना बांधली आणि शेतमालकांशी भांडत बसण्यापेक्षा वरच्या मोठ्या खरेदीदारांना पकडलं: टोमॅटोच्या दर पौंडामागे एक सेंट जास्त द्या आणि नियम मोडणाऱ्या शेताकडून माल घेऊ नका. २००५ मध्ये पहिली मोठी फास्ट फूड साखळी हे मान्य करायला तयार झाली, २०११ पासून फेअर फूड कार्यक्रम चालू आहे, मजुरांना चोवीस तास फोन करता येतो आणि नियम मोडला तर शेताचा माल विकायचा बंद होतो. २००१ मध्ये आययूएफ, लॅटिन अमेरिकेतल्या केळी मजुरांच्या संघटना आणि चिकिटा कंपनी यांच्यात जो करार झाला तो पण याच वाटेवरचा.

नुसतं सर्टिफिकेट, जिथे तपासणारा वर्षातून एकदा आधी कळवून येतो आणि मालकाच्या गाडीतून फिरतो, त्यावर माझा विश्वास नाही. विचारायचा प्रश्न एकच: नियम लिहिताना मजूर बसले होते का आणि मोडल्यावर खरेदीदाराला काही सोसावं लागतं का?

१८. छोटा शेतकरी स्वतःच तोट्यात आहे, तो मजुराला कुठून देणार?

हा प्रश्न शेतकऱ्यांकडून येतो आणि तो खरा आहे. बऱ्याच ठिकाणी शेतकरीच अर्धं वर्ष दुसऱ्याच्या शेतावर मजूर असतो, १४१ नंबरमध्ये दोघांना एकत्र धरलंय ते उगाच नाही. साखळीत वरून दर पाडला की शेवटी तो मजुराच्या अंगावर पडतो. म्हणून इमोकलीचा एक सेंट खरेदीदाराकडून आला, शेतकऱ्याकडून नाही. युरोपियन युनियनने शेतीच्या अनुदानाला काही कामगार नियम जोडलेत, २०२५ पासून सगळ्या सदस्य देशांत, म्हणजे सरकारी पैसा घ्यायचा तर मजुराचा करारनामा आणि सुरक्षितता पाळायची. पण फवारणीचा मास्क, प्यायचं पाणी आणि लहान मुलांना लांब ठेवणं याला तोट्याचं कारण चालत नाही.

१९. व्यापार करारात कामगारांची अट घालता येते का?

येते, आता बऱ्याच करारांत असते. जागतिक व्यापार संघटनेने, म्हणजे डब्ल्यूटीओने, १९९६ मध्ये सिंगापूरला सांगून टाकलं की कामगारांचा विषय आयएलओचा, त्यामुळे दोन-तीन देशांच्या वेगळ्या करारांतूनच ते येतं. दात मात्र बोथट. अमेरिकेने ग्वाटेमालाविरुद्ध मध्य अमेरिकेच्या व्यापार कराराखाली दावा लावला, वर्षानुवर्षं चालला आणि २०१७ मध्ये लवादाने तो फेटाळला, कारण कायदा राबवला नाही एवढं पुरत नव्हतं, त्याचा व्यापारावर परिणाम झाला हेही सिद्ध करायचं होतं. त्यापेक्षा वेठीने केलेला माल सीमेवरच अडवायचा हा रस्ता वेगवान आहे. अमेरिकेत १९३० पासून तसं कलम आहे आणि त्यातली मोठी पळवाट २०१६ मध्ये बुजवली, युरोपियन युनियनचा तसा नियम २०२७ च्या डिसेंबरपासून लागू होणार आहे. फक्त माल अडला की आधी काम मजुराचंच जातं, त्याच्या थकलेल्या मजुरीची सोय त्याच आदेशात हवी.

२०. आम्ही मालकाच्या वाड्यातल्या खोलीत राहतो. तपासणीवाले तिथे येऊ शकतात का?

१२९ नंबर इन्स्पेक्टरला न सांगता, दिवसा किंवा रात्री, कामाच्या जागेवर जायचा अधिकार देतो. पण शेत चालवणाऱ्याच्या खासगी घरात जायचं तर त्याची संमती किंवा वरच्या अधिकाऱ्याची खास परवानगी लागते. शेतावर घर आणि कामाची जागा एकमेकांत मिसळलेली असते, त्यामुळे मालक सगळंच घर म्हणून दाखवू बघतो. मजुरांना दिलेली चाळ, कंटेनर किंवा वेगळी खोली ही त्याचं घर होत नाही, आणि कामामुळे मजुराला शेतावरच राहणं भाग असेल तिथे राहण्याची व्यवस्था कशी हवी याचे किमान नियम ठरवायला १८४ नंबर सांगतोच. तुमची खोली त्याच्याच छपराखाली असेल तर तक्रार लिहिताना आत कुठून जायचं, दार वेगळं आहे का, आणि तुम्ही कामावर शेतात किती वाजता असता हे लिहा, म्हणजे इन्स्पेक्टर तुम्हाला बांधावर येऊन भेटू शकतो.